शनिवारची बैठक : विषय दीपगृह

सर्व सभासद आणि घरच्या मंडळींना नमस्कार,

आपल्या कर्करोग आधार गटाची बैठक येत्या शनिवारी संध्याकाळी ५.३० वाजता, कॉलेज रोडच्या नेहमीच्या सभागृहात आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी १८७५ पासून उभ्या असलेल्या प्राँग्ज दीपगृहाची चित्रे पाहू. प्रत्येक दीपगृहाच्या दिव्याची उघडझाप वेगळी असते, म्हणून काळोखातही खलाशाला आपण कुठे आहोत ते कळते. दिव्याभोवतीच्या काचेच्या कड्यांचे भिंग घडवणारा फ्रेनेल स्वतः क्षयाने आजारी होता. १८२३ मध्ये ते भिंग फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसले. आपल्यातल्या प्रत्येकाने त्याची गोष्ट ऐकावी असे मला मनापासून वाटते.

• पणत्या, उदबत्त्या नकोत. धुराचा काहींना त्रास होतो. टॉर्च आणा.
• उपचारांच्या काळात कोणाचा आधार वाटला, ते दोन मिनिटांत सांगा. बोलावेसे वाटले नाही तर नुसते येऊन बसा, कोणी आग्रह करणार नाही.
• औषधांचे सल्ले एकमेकांना देऊ नयेत.
• सर्दी-खोकला असेल तर कृपया या वेळी घरीच थांबा. केमो नुकतीच झालेल्यांनी मास्क लावावा.

सिडको, सातपूर, पंचवटीहून येताना कोणाला गाडीची सोय हवी असल्यास गुरुवारपर्यंत कळवा.