कारणाचा वाद आणि उपायांचा वाद : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, हवामान बदलाचा विषय निघाला की आपण सभागृहात आणि सभागृहाबाहेरही एकच भूमिका मांडत आला आहात. हवामान बदलते आहे हे आपण मान्य करता. मात्र ते माणसामुळे बदलते आहे की निसर्गक्रमाने, याविषयी तज्ज्ञांत दुमत असल्याने सरकारने घाई करू नये, असे आपले म्हणणे असते. वरवर पाहता ही भूमिका समंजस वाटते, आणि दोन्ही बाजू ऐकून घेण्याची तयारी दाखवणाऱ्या मंत्र्यांविषयी आदरच वाटतो. तरीही विज्ञान शिकवणारी एक नागरिक म्हणून मला हे जाहीरपणे लिहिणे भाग वाटले. आपल्या भूमिकेत दोन निराळ्या वादांची गल्लत झाली आहे, आणि मंत्रिपदावरून ती होत राहील तोवर ज्या वादाचा निकाल लोकप्रतिनिधींनीच लावायचा आहे, तो वाद सभागृहासमोर कधी येणारच नाही.

प्रथम आपल्याच सरकारने दिलेल्या संमतीकडे लक्ष वेधते. हवामान बदलाविषयीची आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, १९८८ मध्ये स्थापन झाली. ती स्वतः संशोधन करत नाही. जगभर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आढावा घेते. तिच्या अहवालाचा जो सारांश धोरणकर्त्यांसाठी असतो, त्याची ओळन् ओळ सदस्य सरकारांच्या प्रतिनिधींपुढे मांडली जाते, तिच्यातील शब्दाशब्दावर खल होतो आणि सर्वसंमती झाल्यावरच ती कायम होते. तेल विकून राज्याचा गाडा चालवणारे देश त्या बैठकीत असतात, आणि आपल्या सरकारलाही तिथे स्थान असते. १९९५ च्या अहवालात इतकेच म्हटले होते की पुराव्यांचा एकंदर कल मानवी प्रभावाकडे निर्देश करतो. २००१ मध्ये तो प्रभाव ‘संभाव्य’ ठरला, २००७ मध्ये त्याची संभाव्यता ९० टक्क्यांवर आणि २०१३ मध्ये ९५ टक्क्यांवर गेली, आणि २०२१ मध्ये, मानवी प्रभावामुळे वातावरण, महासागर व जमीन तापली आहे हे निःसंदिग्ध आहे, असे विधान संमत झाले. एवढ्या सावकाश आणि इतक्या परस्परविरोधी हितसंबंधांच्या देखरेखीखाली वर चढत गेलेल्या निष्कर्षाला घाई म्हणता येणार नाही. जे विधान आपल्या सरकारच्या सहभागाने संमत झाले, त्याच विधानाविषयी आपण देशात दुमत असल्याचे सांगता, तेव्हा नागरिकांनी कोणते मत सरकारचे समजावे?

शंका घेणाऱ्यांना बोलू दिले गेले नाही, असाही एक समज पसरलेला आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. १८५६ मध्ये युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी इतरांपेक्षा अधिक तापते हे नोंदवले. त्यानंतर तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी हा वायू उष्णतेच्या अदृश्य किरणांना अडवतो हे मोजून दाखवले. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी हवेतील या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल असा हिशोब मांडला, आणि तो मांडताच त्यावर आक्षेप आले. हे आक्षेप किरकोळ नव्हते. १९०० मध्ये क्नूट अँगस्ट्रॉम यांनी असा मुद्दा काढला की हवेत आज आहे तेवढा कार्बन डायऑक्साइडही त्याच्या वाट्याची उष्णता जवळजवळ पूर्णपणे शोषून घेतो, मग त्यात भर पडल्याने फरक तो काय पडणार? हा आक्षेप इतका सबळ वाटला की पुढची कित्येक दशके बहुतेक हवामानशास्त्रज्ञांनी तो ग्राह्य धरला. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या अभियंत्याने तापमानाच्या जुन्या नोंदी जमवून पृथ्वी तापू लागल्याचे दाखवले, तेव्हा लंडनच्या हवामानशास्त्रज्ञांनीही त्यांच्याकडे साशंकतेनेच पाहिले.

अँगस्ट्रॉम यांच्या आक्षेपाचे उत्तर १९५० च्या दशकात मिळाले, आणि तोच आक्षेप आजही नवा म्हणून फिरत असल्याने ते उत्तर इथे देते. वातावरण हा एकच एक थर नाही. जमिनीवरून निघालेली उष्णता एका थरात शोषली जाते, तिथून पुन्हा वर-खाली फेकली जाते, वरच्या थरात पुन्हा शोषली जाते, आणि अखेरीस जिथे हवा पुरेशी विरळ असते तिथून अवकाशात निसटते. कार्बन डायऑक्साइड वाढला की निसटण्याची ही जागा अधिक उंचावर सरकते. तिथली हवा अधिक थंड असते, थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते, आणि आलेल्या व गेलेल्या उष्णतेचा मेळ पुन्हा बसेपर्यंत खालची हवा तापत राहते. महासागर सगळा जादा वायू गिळून टाकील हा दुसरा मोठा आक्षेप होता. समुद्राच्या पाण्याचे रसायनच त्या शोषणाला मर्यादा घालते, हे रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. महोदय, शंका दडपल्या गेल्या नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्यात माणसांची आयुष्ये गेली, आणि त्या उत्तरांतूनच हे शास्त्र उभे राहिले.

आता प्रश्न उरतो तो हवेत वाढलेला वायू आपलाच कशावरून, हा. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत, उद्योगयुगापूर्वी, हा आकडा ३०० च्या आसपास थांबत असे. पण केवळ वाढ झाली म्हणून ती माणसानेच केली असे ठरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे, आणि त्याचे सर्वांत सोपे उत्तर जमाखर्चात आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. जंगलतोडीचा वाटा त्यात धरलेला नाही. हवेत प्रत्यक्ष वाढ होते ती आपण सोडलेल्या एकूण वायूच्या साधारण निम्मीच. उरलेला भाग समुद्र आणि झाडे-माती शोषून घेतात. याचा अर्थ निसर्ग आज जेवढा वायू सोडतो त्याहून अधिक घेतो. जो घटक जमेपेक्षा अधिक उचल करतो, त्याला वाढीचे कारण कसे म्हणावे? ज्वालामुखींचे नाव नेहमी पुढे केले जाते, पण त्यांचे वार्षिक उत्सर्जन माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही.

शिवाय या वायूवर त्याच्या उगमाची खूण असते. काचेच्या बाटलीत हवा भरून प्रयोगशाळेत नेली की त्या हवेतील कार्बनचे अणू वजनानुसार वेगळे करून मोजता येतात. वनस्पती हलका कार्बन अधिक पसंत करतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात हलका कार्बन जास्त असतो. आणि कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिल्याने त्यातला किरणोत्सारी कार्बन केव्हाच संपलेला असतो. असा कार्बन हवेत मिसळत असल्याने हवेतील जड कार्बनचे प्रमाण घटत चालले आहे. त्याच वेळी हवेतील ऑक्सिजनही किंचित, पण मोजता येईल इतका कमी होत आहे, जसा तो काहीही जाळल्यावर होतो. समुद्रातून निघालेल्या वायूमुळे ऑक्सिजन खर्ची पडला नसता, आणि ज्वालामुखीतून आलेल्या वायूमुळे कार्बनचे प्रमाण हलक्याकडे झुकले नसते.

सूर्याविषयीही हेच. उपग्रहांवरील उपकरणे १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात अकरा वर्षांच्या चक्रानुसार चढउतार दिसतात, पण या काळातील तापमानवाढीशी जुळणारी वाढ दिसत नाही. सूर्यच तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात खालचे वातावरण तापत असताना त्यावरच्या थराचा, म्हणजे स्थितांबराचा, वरचा भाग थंड होत आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास असेच घडेल, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने सांगितले होते. मोजमाप हाती येण्याआधी केलेले भाकीत खरे ठरणे, यापेक्षा मोठी कसोटी माझ्या मते विज्ञानात नाही.

आपल्याकडे येणारे सगळे शंकेखोर स्वार्थी आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या नोंदींविषयी खऱ्या शंका होत्या. शहरांच्या वाढत्या उष्णतेने आकडे फुगले असतील, निवडक केंद्रांच्याच नोंदी घेतल्या असतील, असे त्यांना वाटे. त्यांनी २०१० मध्ये स्वतंत्र पथक उभारून सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या. त्या कामाला मिळालेल्या पैशांत तेलउद्योगाशी निगडित असलेल्या चार्ल्स कोच यांच्या प्रतिष्ठानाचीही देणगी होती. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीर केले की तापमानवाढ खरी आहे आणि तिचे कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. शंका प्रामाणिक असेल तर ती अशी तपासाला नेते. म्हणून शंका विचारणाऱ्या नागरिकाला मूर्ख किंवा विकला गेलेला म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. अशा हिणवण्याने कोणाचे मत बदललेले मी पाहिलेले नाही.

मग लोकांतले दुमत टिकून का राहते? माझे मत स्पष्ट आहे : कारण मान्य केले की जबाबदारी येते, आणि जबाबदारीचा प्रश्न खरोखरच अवघड आहे. कोळशाच्या खाणीवर ज्याचे घर चालते त्याला कार्बनच्या हलक्या-जड अणूंचे वावडे नसते. उद्या खाण बंद झाली तर आपले काय, ही त्याची चिंता असते. ती बोलून दाखवायला जागा नसल्याने तो ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणतो. ज्या देशांनी दीडशे वर्षे धूर सोडून समृद्धी मिळवली त्यांनी अधिक भार उचलावा की नाही, विजेचे दर किती वाढू द्यावेत, कारखान्यांना किती मुदत द्यावी, यांविषयीचे मतभेद खरे आहेत, आणि त्यांची उत्तरे कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकणार नाही. आपण ‘तज्ज्ञांत दुमत आहे’ असे म्हणता, तेव्हा हे सगळे प्रश्न त्या एका वाक्यामागे झाकले जातात आणि खाणकामगाराला उत्तर देण्याची वेळच येत नाही.

शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत, पण ते दुसऱ्या जागी. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी अखेरीस किती तापेल, याचा अंदाज १९७९ मध्ये दीड ते साडेचार अंश असा होता. २०२१ च्या अहवालात तो अडीच ते चार अंशांवर आला. ढग कसे वागतील, हवेतील सूक्ष्म धूलिकण आजवर किती तापमानवाढ झाकून ठेवत आले आहेत, एखाद्या प्रदेशातला पाऊस कसा बदलेल, यांवर आजही जोरात वाद चालू आहेत. पण या अनिश्चिततेत दिलासा शोधता येत नाही, कारण अंदाजाचे वरचे टोकही खालच्या टोकाइतकेच विचारात घ्यावे लागते. १९९२ च्या हवामान बदल करारात म्हणूनच स्पष्ट लिहिले आहे की गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तिथे पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही, या सबबीवर उपाय पुढे ढकलू नयेत. जगातील जवळजवळ सर्व सरकारे ज्या करारात सामील झाली तो हा करार आहे, आणि त्यातच देशोदेशींच्या समान पण वेगवेगळ्या प्रमाणातील जबाबदारीचे तत्त्वही आहे. न्याय्य वाटणीसाठी भांडायचे असेल तर त्या तत्त्वाचा आधार घेऊन भांडावे. कारणाविषयीची शंका त्या भांडणात आपल्याच हातातले हत्यार बोथट करते, कारण तापमानवाढ माणसाने केलेलीच नसेल तर ऐतिहासिक जबाबदारी तरी कोणाकडे मागायची?

म्हणून माझी विनंती अशी आहे. २०२१ च्या अहवालाच्या सारांशात आपल्या सरकारच्या सहभागाने जे संमत झाले, ते पुढील अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे आणि कारणाविषयी सरकारचे मत तेच आहे, असे निवेदन आपण स्वतः करावे. नागरिकांच्या शंका लेखी मागवाव्यात आणि आपल्या खात्यातील हवामानशास्त्रज्ञांकडून त्यांना सोप्या भाषेत, शंका विचारणाऱ्याचा मान राखून, लेखी उत्तरे द्यावीत. आणि ज्या कामगारांची, शेतकऱ्यांची व छोट्या उद्योजकांची रोजीरोटी इंधनबदलाने धोक्यात येईल, त्यांच्यासाठी कोणती मुदत, कोणते प्रशिक्षण आणि किती निधी ठेवणार, यावर पूर्ण दिवसाची चर्चा लावावी. या चर्चेत माझ्यासारख्यांची मतेही एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि ती जुळावीत अशी माझी अपेक्षाही नाही.

निवेदन कोणत्या दिवशी करणार, एवढे आपल्या कार्यालयाने जाहीर केले तरी या पत्राचे उत्तर मिळाले असे मी समजेन.

कळावे,
आपली विश्वासू,
विज्ञान शिकवणारी एक नागरिक