परत आलेल्या विद्यार्थ्यांचे ऐकणार कोण?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळालेल्या बडोद्याच्या मुलामुलींची छायाचित्रे आपल्या अंकात अधूनमधून येतात आणि ती पाहून आनंद होतो. पण तीच मुले शिकून परत आल्यावर त्यांनी तिकडे काय पाहिले, याची चौकशी कोणी करीत नाही. त्याविषयी हे पत्र आहे.

माझी भाची पाण्याच्या नियोजनाचा अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्तीवर नेदरलँड्सला गेली होती. विद्यावेतनातून पैसे वाचवून सुटीत ती झीलंड प्रांतातील खेड्यांतून सायकलने हिंडली. १ फेब्रुवारी १९५३ च्या समुद्रपुरात त्या देशात अठराशेहून अधिक माणसे गेली. एका घराच्या भिंतीवर त्या रात्रीच्या पाण्याची खूण जपलेली तिने पाहिली. ती तिच्या डोक्याच्या हातभर वर होती. तेराव्या शतकापासून चालत आलेली, स्वतंत्र निवडणूक आणि स्वतंत्र कर असलेली, बांध आणि पाणी सांभाळणारी तिथली जलमंडळे कशी चालतात, हे तिला वर्गात कळले होतेच; पण शेतकरी तो कर कुरकुर न करता का भरतो, हे त्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर उमगले, असे ती म्हणते. हे सारे तिने एका निळ्या वहीत आकृत्यांसह लिहून ठेवले आहे.

ती परतल्यावर शिष्यवृत्ती देणाऱ्या कचेरीने बोर्डिंग पास, घरभाड्याच्या पावत्या आणि गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत मागितली. पैशाचा हिशेब घ्यायलाच हवा. पण वहीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातल्या विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हाही कोणाला त्या वहीची आठवण झाली नाही.

ज्या गावात हे घडते, त्या गावाला प्रवासातून शिकण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या अमेरिका दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना इकडे बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये त्यातूनच निघाली.

परतलेल्या विद्यार्थ्याला हे शहर कसे वागवते, याचा एक कटू दाखलाही आपल्याकडे आहे. १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन बडोदे संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले आणि परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. ते १९१७ मध्ये नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला या शहरात एक खोली मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतून हुसकून लावल्यावर त्यांना कमाटीबागेत बसून राहावे लागले. तो जातीचा अन्याय होता आणि माझ्या भाचीच्या अनुभवाची त्याच्याशी तुलना करणे मला मान्य नाही. मात्र विद्यार्थी पाठवण्यातच आपले कर्तव्य संपले असे मानू नये, एवढे तरी आपण त्यातून शिकायला हवे होते.

युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडससारख्या शिष्यवृत्ती योजनेत किमान दोन देशांत शिकणे अभ्यासक्रमाचाच भाग असते. आपल्या शिष्यवृत्त्यांतही शुल्क आणि राहण्याच्या खर्चाबरोबर प्रवासासाठी थोडी वेगळी रक्कम असावी, म्हणजे गरीब घरच्या मुलाला वसतिगृह आणि वाचनालय यांच्यापलीकडचा देश पाहता येईल. त्याच्या बदल्यात त्याने परतल्यावर मराठीत किंवा गुजरातीत, साध्या भाषेत, पाहिलेले लिहून द्यावे आणि मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एका संध्याकाळी लोकांसमोर बोलावे. याला मोठा खर्च नाही. सभागृह, चार खुर्च्या आणि ऐकायला येणारी माणसे पुरेत. महापालिकेच्या अभियंत्यांनी त्या दिवशी आवर्जून यावे, अशी माझी विनंती आहे.

भाचीची निळी वही सध्या माझ्याकडेच आहे. ग्रंथालयाने मागितल्यास मी ती स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे