काच, कात्री आणि दियाबोलिक

बोलोन्या, इटली

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद. ताई आणि भाऊजींना नमस्कार.

तुझ्या कॉमिकची पानं पाहिली. चोर छान उतरलाय, कोल्हापूरच्या गल्ल्याही. आता त्यावर बारा मिनिटांची फिल्म करायची म्हणतोस आणि त्यासाठी इटलीतले कॉमिकवरून केलेले गुन्हेपट कोणते बघू, असं विचारतोस. बघण्यासारखे पुष्कळ आहेत. शिकण्यासारखा एक आहे, १९६८ सालचा 'दियाबोलिक'. त्याचा दिग्दर्शक मारिओ बावा. बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहितो आणि याच्यावर वेळ घालवतो.

आधी मूळ कॉमिकबद्दल, कारण त्याचा आकार समजला नाही तर सिनेमाही समजणार नाही. मिलानमधल्या आंजेला आणि लुचाना जुस्सानी या दोघी सख्ख्या बहिणींनी दियाबोलिक उभा केला. पहिला अंक १ नोव्हेंबर १९६२ चा, किंमत १५० लिरा. रेल्वेनं कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशात मावावा म्हणून अंक १२ बाय १७ सेंटीमीटरचा. पानावर बहुतेक दोनच चौकटी, एकाखाली एक. म्हणजे प्रत्येक चौकट आडवी, जुन्या सिनेमाच्या पडद्याच्या प्रमाणाच्या जवळ जाणारी. अमेरिकी कॉमिकमध्ये पानभर चौकटी तिरक्या, उभ्या, एकमेकींत घुसलेल्या असतात. इथे तसं काही नाही. एक चौकट म्हणजे एक शॉट, इतका सरळ हिशोब.

ताईला सांग, काळापहाड आठवतो ना, त्याच पठडीतला हा मुखवट्याचा माणूस. फरक एवढाच की काळापहाड दुष्टांना शासन करायचा. दियाबोलिकला असली काही सबब नाही. तो चोरी करतो, आड येईल त्याला मारतो आणि आपली जोडीदार एवा कांत हिच्याकडे घरी परततो. मागे लागलेला इन्स्पेक्टर जिंको प्रामाणिक आणि हुशार असूनही दर वेळी हरतो. एवा आली ती तिसऱ्या अंकात, १९६३ साली. ती आल्यावर या कॉमिकला जीव आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

खप बघून इतरांनीही काळे कपडे शिवले. १९६४ मध्ये माक्स बुंकर आणि माग्नुस या लेखक-चित्रकार जोडीनं सांगाड्याच्या पोशाखातला 'क्रिमिनाल' आणला आणि त्याच वर्षी 'सातानिक' ही बाई. क्रिमिनालवर उम्बेर्तो लेन्झीनं १९६६ मध्ये सिनेमा केला. एकदा बघ, तोही पोशाखासाठी. कागदावर सांगाडा भीतिदायक वाटतो, कारण माग्नुसची शाई अंधार आणि हाडं एवढंच ठेवते. पडद्यावर तोच सांगाडा अंगावरच्या कापडावर येतो. गुडघ्याला चुण्या पडतात, बसल्यावर बरगड्या पोटावर गोळा होतात आणि भीतीच्या जागी हसू येतं. तुझ्या चोराच्या अंगरख्यावर तू वेलबुट्टी काढली आहेस, ती फिल्ममध्ये काढून टाक. एकरंगी, न चमकणारं, किंचित जाड कापड घे. चमक आली की प्रत्येक चुणी दिसते.

आता बावा. हा मूळचा कॅमेरामन. त्याचे वडील एउजेनिओ मूकपटांच्या काळात ट्रिक-फोटोग्राफी करायचे, त्यामुळे कला घरातलीच. निर्माता होता दिनो दे लाउरेन्तीस. त्यानं या सिनेमासाठी तीसेक लाख डॉलरची तयारी ठेवली होती आणि बावानं चारेक लाखांत काम उरकलं, असं सांगितलं जातं. आकडे थोडे मागेपुढे धर, पण पडद्यावर जे दिसतं ते त्या पैशात बांधून होणं शक्यच नव्हतं. दियाबोलिकचा गुहेतला अड्डा बघ. प्रचंड छत, जिने, खडक, मधे गाडी. त्यातला माणसं वावरतात तेवढाच तुकडा खरा. बाकी बरंच काही कॅमेऱ्यापुढच्या काचेवर रंगवलेलं किंवा चिकटवलेलं. मासिकातली चित्रं कापून काचेवर लावायची आणि त्यातून राजवाडा उभा करायचा, यासाठी बावा प्रसिद्धच होता.

गंमत म्हणजे त्याचा नायकही हेच करतो. किल्ल्यातला पाचूंचा हार चोरताना तिथल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे तो त्याच जागेचा फोटो धरून ठेवतो आणि पोलीस पडद्यावर शांत, रिकामी जागा बघत बसतात. दिग्दर्शक प्रेक्षकाला फसवतो तसाच चोर पोलिसांना फसवतो. हा प्रसंग दोनदा बघ.

तुझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि १८ मिमीची लेन्स आहे असं लिहिलं आहेस, म्हणून काचेच्या या युक्तीचा हिशोब त्याचाच देतो. चार फूट बाय तीन फूट, ५ मिमी जाडीची साधी काच घे. वजन साधारण १४ किलो भरेल, तेव्हा कडा घासून घे आणि लाकडी चौकटीत घट्ट बसव. ॲक्रिलिक हलकं पडतं, पण त्याला चरे पडतात आणि ते धूळ खेचून घेतं. काच लेन्सपासून ९० सेंटीमीटरवर, लेन्सला अगदी समोरासमोर उभी कर. एवढ्या अंतरावर तुझ्या लेन्सला सुमारे ११७ सेंटीमीटर रुंदी दिसते, म्हणजे दोन्ही बाजूंना काचेची जेमतेम अडीच सेंटीमीटर कड बाहेर उरते. कॅमेरा नीट मधोमध नसेल तर लाकूड फ्रेममध्ये येणारच.

खरी अडचण फोकसची. काच ९० सेंटीमीटरवर आणि नट आठ मीटरवर, दोन्ही स्पष्ट हवेत. लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक कर, फोकस हातानं दीड मीटरवर ठेव आणि ऑटोफोकस बंद कर. मग साधारण पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ २.८ वर, म्हणजे छिद्र मोठं असताना, हे जमणार नाही. मात्र एफ २.८ वरून एफ ११ वर गेलास की प्रकाश सोळापट जास्त लागतो. म्हणून पहिला प्रयोग घरात दिव्यांवर करू नकोस, उघड्यावर कर. मोकळ्या सावलीत शटर एक पन्नासांश ठेवून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, २०० ते ४०० मध्ये काम भागेल.

चित्राचं माप काढायला त्रैराशिक पुरतं. आठ मीटरवरचा २.४ मीटर उंचीचा दरवाजा ९० सेंटीमीटरवरच्या काचेवर २७ सेंटीमीटर होतो. कागदावर काढून, कात्रीनं कापून, काचेच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला चिकटव. कडा पांढरी राहिली तर उन्हात लगेच कळते, म्हणून कापल्यावर कडेवरून गडद रंगाचं पेन फिरव. कॅमेरा जमिनीला समांतर असेल तर लेन्सच्या उंचीवर काचेवर एक रेघ मार. तेच तुझं क्षितिज. चिकटवलेल्या वाड्याच्या सगळ्या तिरप्या रेघा त्याच रेघेवर जाऊन मिळाल्या पाहिजेत. गच्चीवरून घेतलेला फोटो कापून लावलास आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर असला, तर चित्र कितीही सुरेख असो, ठिगळ दिसणार.

बिघडतं कुठे तेही सांगतो. सर्वांत जास्त वेळा नटाचं डोकं जातं. तो दोन पावलं पुढे आला की चिकटवलेल्या कमानीमागे त्याचं कपाळ कापलं जातं. कॅमेऱ्यातून बघत जमिनीवर खडूनं हद्द आखून घे आणि त्याला ती दाखव. दुसरं, काचेत कॅमेऱ्याचं आणि तुझं प्रतिबिंब. कॅमेऱ्यावर आणि मागे काळं कापड टाक, लेन्सपुरतं भोक ठेव, पांढरा शर्ट घालून मागे उभा राहू नकोस. तिसरं, ऊन. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तुझी रंगवलेली सावली जागची हलत नाही. अर्ध्या तासात शॉट घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. चौथं, कॅमेरा अजिबात हलवायचा नाही. पॅन केलास, म्हणजे कॅमेरा बाजूला वळवलास, की जवळची काच आणि लांबची भिंत वेगवेगळ्या वेगानं सरकतात आणि सगळं उघडं पडतं. लेन्स ज्या बिंदूभोवती फिरवली तर हे टळतं तो बिंदू शोधून पॅन करता येतो, पण पहिल्या फिल्मला त्या फंदात पडू नकोस. आणि रंग डोळ्यानं जुळवू नकोस, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून जुळव. डोळ्याला सारखे वाटणारे दोन करडे रंग सेन्सरला एक निळा, एक पिवळा दिसू शकतो.

हे सगळं आता कॉम्प्युटरवर होतं, असं तू म्हणशील. होतं. पण काचेवर केलं की नटाला कुठे उभं राहायचं ते तिथल्या तिथे दिसतं, आणि तुझ्या मित्राला रात्र-रात्र जागून कडा साफ करत बसावं लागत नाही.

बावाकडून घ्यायची दुसरी गोष्ट फुकट आहे. रिकाम्या कपाटाच्या फळ्यांमधून, पलंगाच्या उशाच्या जाळीतून, गाडीच्या आरशातून तो माणसं दाखवतो. पडदा आपोआप चौकटींत विभागला जातो. स्प्लिट स्क्रीन नाही, जोडकाम नाही. तुझ्याकडे जुन्या वाड्याचे खिडकीचे गज आहेत, फळ्यांचं दुकान आहे, आणखी काय हवं? सुरुवातीच्या बंदरावरच्या लुटीतला रंगीत धूरही बघ. धूर नजरेला सुखावतो आणि मागे काहीच बांधलेलं नाही हे लपवतोही. तू धूर वापरणार असशील तर उघड्यावरच, वाऱ्याच्या दिशेला माणूस उभा न करता, आणि आधी पोलीस चौकीत कळवून.

मुखवट्याचा प्रश्न मात्र बावानंही पुरता सोडवलेला नाही. कॉमिकमध्ये दियाबोलिक कातडीसारखा पातळ मुखवटा लावून कोणाचाही चेहरा घेतो आणि वाचक निमूट मानतो, कारण दोन्ही चेहरे एकाच शाईचे. सिनेमात दुसऱ्याचा चेहरा म्हणजे दुसरा नट, आणि तेवढा वेळ तुझा नायक पडद्यावरून गायब. त्यावर माझा सल्ला असा की वेषांतर एकदाच ठेव आणि मुखवटा उतरवताना कट लपव. नट पाठ करून हात चेहऱ्याकडे नेतो, हात किंवा कोटाची बाही क्षणभर पूर्ण फ्रेम झाकते, तिथे कट. दुसरा नट त्याच उंचीवर, त्याच प्रकाशात, तीच हालचाल पुढे नेतो. दोघांच्या खांद्यांची रुंदी जुळणं चेहऱ्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

अलीकडचे म्हणजे मार्को आणि आन्तोनिओ मानेत्ती या भावांचे तीन 'दियाबोलिक', २०२१, २०२२ आणि २०२३ चे. पहिला त्या तिसऱ्या अंकावरच बेतलेला. गोष्ट साठच्या दशकातच ठेवली आहे आणि कॉमिकमधली काल्पनिक शहरं उभी करायला इथलं बोलोन्या, शिवाय मिलान आणि त्रिएस्ते वापरलं आहे. मिरियाम लेओनेची एवा झकास, वालेरिओ मास्तांद्रेआचा जिंकोही. पहिल्या भागात लूका मारिनेल्ली दियाबोलिक आहे, पुढच्या दोन्हीत जाकोमो जान्निओत्ती. कॉमिकशी इतकं इमान राखणारे सिनेमे थोडेच, आणि नेमकं तेच पहिल्याला जड गेलं. सव्वादोन तासांत पात्रं आपला बेत बोलून दाखवतात, मग तोच बेत पार पाडताना दिसतात. छोट्या अंकात संवादाच्या फुग्यातलं ते वाक्य लागतं, कारण दोन चौकटींच्या मधे काय घडलं हे वाचकाला सांगावं लागतं. पडद्यावर ते मधलं दिसतंच. तुझ्या पानांवर पेन्सिल घेऊन बस आणि चित्रात दिसणारी गोष्ट सांगणारा प्रत्येक फुगा खोडून टाक. माझ्या अंदाजानं अर्धे जातील.

इगोर्त या चित्रकारानं स्वतःच्याच कॉमिकवरून २०१९ मध्ये केलेला नेपल्सचा गुन्हेपट त्या दृष्टीनं बघ. नाव 'चिंक्वे ए इल नूमेरो पेरफेत्तो', तोनी सेर्विल्लो त्यात म्हातारा मारेकरी आहे. नेपल्ससारखं गजबजलेलं शहर त्यानं जवळजवळ ओसाड दाखवलं आहे, कारण चौकटीत जेवढी माणसं लागतात तेवढीच तो काढायचा. तुला ही युक्ती पहाटे साडेपाचला महाद्वार रोडवर फुकट मिळेल, दुकानं उघडण्याआधी.

एक शेवटचं. दियाबोलिकचं नाव, त्याचा मुखवटा, काळी जॅग्वार यातलं काही फिल्ममध्ये हौसेखातरही घालू नकोस. हक्क अजून मिलानच्या आस्तोरिना प्रकाशनाकडे आहेत, आणि तुझा चोर स्वतःच्या पायावर उभा राहण्याइतका तयार आहे. काच आणायला रिक्षातून जाऊ नकोस, भाऊजींना टेंपो सांगायला लाव आणि ती आडवी न ठेवता उभीच आण. चाचणीचा पहिला शॉट पाठव. एफ किती ठेवलास आणि काच किती अंतरावर होती ते सोबत लिही, म्हणजे काय चुकलं ते इथून सांगता येईल.

तुझा,
मामा