पांझरेच्या वाळूत ट्राउट शिकवणाऱ्या नानांना

ती. नाना,
सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. भर मे महिन्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात पहाटे दोरी फिरवणारा हा रिटायर्ड फौजी नेमकं काय करत होता, ते आपल्या गल्लीलाही एकदा कळू दे: मला फ्लाय फिशिंग शिकवत होता, म्हणजे पिसाच्या खोट्या किड्यानं ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला.

आपल्याकडे मासे धरणं म्हणजे भोई-कोळ्यांचं जाळं, नाहीतर गळाला गांडूळ लावून मरळीची वाट बघत बसणं. गळाला शिशाचं वजन असतं, ते त्याला लांब नेतं. फ्लायला वजन म्हणून नसतंच. कोंबड्याचं पीस आणि दोरा गुंडाळलेली इवलीशी आकडी ती. तिला पुढे नेते जाड लाइन, म्हणजे रॉडची दोरी. हे तुम्ही तोंडानं सांगत बसला नाहीत. आकडीऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधलात आणि वाळूत ठेवलेल्या घमेल्यात तो पाडायला लावलात. रॉड मागे नेला की "थांब". लाइन मागे पुरती सरळ झाली की "हां, आता". घाई झाली की लाइन फट्ट वाजते, आणि खऱ्या ओढ्यावर त्या आवाजासरशी फ्लाय तुटून गेलेली असते. ऊन चढलं की वाळू चपलेतूनही भाजायची, तेव्हा कुठे सुट्टी.

लोक हसायचे. नदीत पाणी नाही आणि हे दोघं मासे धरतायत! तुम्ही मात्र ढिम्म.

नाना, हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाऊन आलो. औटच्या बोगद्याजवळ कुलूचा रस्ता सोडला, बंजारवरून गुशैणी गाठलं, मत्स्य विभागाचा परवाना काढला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं ट्राउटच्या विणीसाठी बंदी असते, त्यामुळे उन्हाळा हाच आपल्यासारख्यांचा हंगाम. मोठी नदी सकाळी स्वच्छ असते, पण ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळतं. तुम्ही म्हणाला होतात, "दुपारी नदी सोड, बाजूचा ओढा धर." धरला.

आणि इथंच तुमची खरी शिकवण उपयोगी पडली. हाताची नव्हे, पायाची. उन्हाळ्यातला ओढा उथळ आणि काचेसारखा नितळ. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं. वाकून, गुडघ्यावर, दगड न वाजवता. "मासा शे तठे तुनी सावली पडाले नको," हे तुमचं वाक्य मी तिथं मनात इतक्या वेळा घोकलं की शेवटी अहिराणीतच पुटपुटायला लागलो. मागे झाडी, म्हणून लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे लोटायची. तुमचा साडेसात फुटी रॉड त्या जागेला अगदी बेताचा निघाला.

एका छोट्या धबधब्याखाली पाणी फेसाळत होतं. उन्हाळ्यात मासे अशाच जागी सापडतात; तिथं पाण्यात हवा जास्त मिसळते आणि फेसामुळे माशाला काठावरचे आपण नीट दिसत नाही. काठच्या गवतातून मुंगळे पडत होते, म्हणून तुम्ही बांधून दिलेली काळी मुंगी लावली. ती फेसाच्या कडेनं तरंगत आली. पाण्याला जरासा फुगवटा आला, बस्स. हात ओला करून धरला तो ब्राउन ट्राउट. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हेही तुमचंच. सोनेरी पोट, अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. आकडीचा उलटा काटा तुम्ही आधीच पकडीनं दाबून ठेवला होता, त्यामुळे ती अलगद सुटली. मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच धरला. दम आला तसा गेला.

होमस्टेवाला म्हणाला, "छोडना ही था तो पकड़ा क्यों?" आपल्या गावातही हेच विचारतील, आणि मला अजून त्याचं धड उत्तर देता येत नाही. मजा म्हणजे हा मासा मुळात तिथलाही नाही. इंग्रजांनी १९०९ मध्ये कुलूत आणून सोडला. तिथला मूळचा मासा स्नो ट्राउट. या पाहुण्यानं त्याच्या जागेत आणि खाण्यात वाटा मागितला, हेही खरंच. तुम्ही ही गोष्ट झाकून ठेवली नाहीत, म्हणून तुमच्यावर जास्त विश्वास बसला.

शिकवण्याचे तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. पेट्रोलचेही नाही. वर काकूंच्या हातचं कळण्याच्या भाकरीचं आणि ठेच्याचं जेवण रोज. त्याची परतफेड करण्याचा माझा विचार नाही, मागणीच आहे. फ्लाय संपत आल्यात, आणि तुमच्या अंगणातल्या त्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं नेमकी हवी तशी आहेत. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात तो जाण्याआधी काकूंना तेवढं सांगून ठेवा. मान माझी, बाकी सगळा तुमचा.

तुमचा,
घमेलं चुकवणारा