खेळण्यांच्या खोक्यासोबत

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

ठोकळ्यांची पिशवी, गाडी आणि धाकट्यासाठी चावायचं कडं असं सगळं एकाच खोक्यात घातलंय. तळाशी पॉलिशपेपरची गुंडाळी आणि एका डबीत तेल-मेणाचं मिश्रण आहे, ते तुझ्यासाठी. खोका मुलांसमोर उघडलास तरी चालेल, पण पत्र आधी वाच.

फोटो बघून तू विचारलंस, गाडीला दारं-खिडक्या का नाहीत, निदान पुढे दोन दिवे तरी रंगवायचे होतेस. दिवे मी मुद्दामच काढले नाहीत. गेल्या सुट्टीत थोरली माझ्याकडे होती, तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या ढिगातून तिने एक ओबडधोबड तुकडा उचलला. सकाळी त्याने तिने बाहुलीच्या कपड्यांना इस्त्री केली. दुपारी तोच तुकडा कानाला लावून तुझ्याशी बोलत बसली होती. संध्याकाळी त्याला ताप आला आणि कपाळावर पट्टी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कपाळ कुठल्या बाजूला आहे तेही तिनेच दाखवलं. त्या तुकड्यावर मी नाक-डोळे काढले असते, तर तो आजारी माणूस तेवढा झाला असता. इस्त्री झाला नसता, फोनही झाला नसता. गाडीला चाकं हवीत, कारण ती फिरली पाहिजे. दारं लागली तर थोरली मनाने लावेल, आणि उद्या त्याच गाडीची होडी करायची झाली तर ती दारं आड येणार नाहीत.

म्हणून घरी आलेलं कुणी 'अगदीच साधी आहे' म्हणालं, तरी तू तिच्यावर काही रंगवून देऊ नकोस. थोरलीला स्वतःला काही काढावंसं वाटलं तर मात्र खुशाल काढू दे, गाडी तिची आहे.

ठोकळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त जीव मी त्यांच्यात ओतलाय. दिसायला ते नुसते लाकडाचे तुकडे आहेत, पण त्यांची मापं मनाला येतील तशी घेतलेली नाहीत. प्रत्येक अख्खा ठोकळा 2 सेंटीमीटर जाड, 4 सेंटीमीटर रुंद आणि 8 सेंटीमीटर लांब आहे. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. हा हिशोब फार जुना आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल नावाचे शिक्षक होते. 1837 मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिलाच पुढे त्यांनी किंडरगार्टन हे नाव दिलं. मुलांसाठी त्यांनी जे खेळाचं साहित्य आखलं, त्यात दोन इंचांचा एक घन होता, आठ छोट्या घनांत सुटणारा. त्याच्या पुढच्या संचात तेवढाच घन आठ विटांत विभागलेला होता आणि प्रत्येक वीट दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड होती. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने शाळेसाठी मोठे ठोकळे केले, तेही याच प्रमाणात.

याचा फायदा मुलं खेळायला बसली की कळतो. दोन ठोकळे एकावर एक आडवे ठेवले की त्यांची उंची कडेवर उभ्या केलेल्या एका ठोकळ्याएवढी होते. चार ठेवले की टोकावर उभ्या केलेल्या ठोकळ्याशी बरोबरी होते. निम्मं, पाव, दुप्पट हे शब्द यायच्या कितीतरी आधी ते हाताला कळलेलं असतं. यातलं तू थोरलीला काहीही समजावू नकोस. भिंत बांधताना अडलं की तिचं तिला सापडेल, आणि तेव्हा तिचा चेहरा बघायला तू तिथे आहेस याचा मला हेवा वाटतो.

पण हे जमायचं तर मापं अचूक हवीत. समज, तिने दहा-दहा थरांचे दोन खांब रचले आणि एका खांबातला प्रत्येक ठोकळा अर्ध्या मिलिमीटरने जाड निघाला. दहाव्या थराला दोन्ही खांबांत 5 मिलिमीटरचा फरक पडतो आणि वर ठेवलेला पूल तिरका बसतो. मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. बनवणाऱ्याने आळस करायचा आणि मुलाने स्वतःला बोल लावायचा, हे मला मुळीच सहन होत नाही. म्हणून सगळे ठोकळे मी रंधा मारून सारख्या केलेल्या फळ्यांतून काढले, आणि दर वेळी नव्याने रेघ न मारता करवतीपाशी एक अडणी घट्ट बसवून प्रत्येक तुकडा तिला टेकवून कापला. गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून चारही कोन तपासले. जे बसले नाहीत ते पिशवीत गेले नाहीत.

एक प्रश्न तुझ्या मनात येईलच: लहान चौकोनी घन का नाहीत? तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते. 31.7 मिलिमीटर व्यासाची एक आखूड नळी घेतात, तिचा तळ तिरका असतो. खेळणं किंवा त्याचा सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं मानतात. 2 सेंटीमीटरच्या घनाच्या चौकोनाचा कर्ण 28 मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे तो सहज आत जातो. धाकटा सध्या सगळं जग तोंडानेच ओळखतोय, तेव्हा थोरलीला कितीही हवेसे वाटले तरी घन तो तीन वर्षांचा झाल्यावर. अर्धे ठोकळे दिलेत, त्यांची रुंदी 4 सेंटीमीटर आहे, ते मावत नाहीत. घरातल्या इतर वस्तूंसाठी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून घालून बघ. ती थोडी मोठी असते, म्हणून तिच्यातून जे गेलं ते धाकट्यापासून लांब ठेवायचं.

लाकूड बीच नावाच्या झाडाचं आहे. घट्ट, बारीक तंतूंचं, उग्र वास नसलेलं. पाइन कापायला सोपं, पण मऊ. फरशीवर आपटलं की खळगे पडतात. काही गडद, सुंदर लाकडांच्या भुशाने कातडीला खाज सुटते, तसली तोंडात जाणाऱ्या वस्तूला मी घेतच नाही. प्लायवूडच्या कडेचे पापुद्रे निघतात. तुला कधी स्वतः काही करावंसं वाटलं (वाटावं, अशी माझी फार इच्छा आहे), तर कुठलंही पडलेलं लाकूड उचलू नकोस. बाहेर टिकावं म्हणून औषध मारलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. मालवाहतुकीच्या फळ्यांवर शिक्का असतो: एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबीच्या फळीला हात लावायचा नाही. एचटीवाली फळीसुद्धा मी खेळण्याला वापरत नाही, कारण प्रवासात तिच्यावर काय काय सांडलं हे कुणालाच माहीत नसतं.

आता खरं काम. तुला वाटत असेल वेळ कापण्यात जातो. कापणं लवकर आटोपतं. सगळा वेळ जातो तो कडांमध्ये. आधी 80 नंबरचा खरखरीत पॉलिशपेपर, मग 120, मग 180, शेवटी सगळ्यात बारीक 220, आणि दर वेळी तंतूंच्याच दिशेने. मधला नंबर गाळला की खरखरीत कागदाचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. त्यानंतर ओल्या फडक्याने ठोकळा पुसायचा आणि वाळू द्यायचा. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात आणि मघाशी गुळगुळीत वाटणारं लाकूड पुन्हा खरखरीत लागतं. ते आत्ताच घासून काढलं नाही, तर हेच काम मुलाची लाळ पुढे करते. मग जुना नायलॉनचा मोजा हातात चढवून ठोकळ्यावरून सगळीकडून फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते मोज्याला सापडतं.

हे घासकाम मुलं जवळ असताना करू नकोस, आणि तोंडाला मास्क लाव. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट असते; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये धरलं आहे. मी तर घासून झाल्यावर ओल्या फडक्यानेच टेबल पुसते, झाडू मारून धूळ उडवत नाही.

रंगाऐवजी जवसाचं कच्चं तेल आणि मधमाशांचं मेण लावलंय. मेणाच्या चौपट वजनाचं तेल घेऊन भांडं गरम पाण्यात ठेवलं की मेण 62-64 अंशांना वितळतं. तेल मुरायला वेळ लागतो. ते नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून खेळणी तयार होऊनही मी लगेच पाठवली नाहीत. लाकडासाठी मिळणारं 'बॉइल्ड' तेल वापरू नकोस, ते लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंची रसायनं घालतात. अक्रोडाचं तेलही चांगलं वाळतं, पण घरात कुणा पाहुण्या मुलाला त्याची ॲलर्जी निघाली तर, म्हणून टाळलं. पुढे कधी रंगीत खेळणं घ्यायचं झालं तर रंगाची चौकशी कर. आयएसओ 8124 या खेळण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागात शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक अशा आठ मूलद्रव्यांवर मर्यादा घातल्या आहेत. त्याप्रमाणे तपासलेलं असेल तरच घे.

आणि हे नीट लक्षात ठेव. तेलाचं फडकं काम झाल्यावर चुरगाळून टाकायचं नाही. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सोडते, आणि ती बोळ्यात कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर पसरून कडक वाळू दे, किंवा पाण्यात बुडवून मग टाक.

गाडीची चाकं फळीतून गोल कापलीत. फांदीच्या आडव्या चकत्या दिसतात छान, पण लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जास्त आकसतं आणि मध्याकडे कमी, त्यामुळे चकती हमखास तडकते. आस चाकांत गोंदाने पक्का केलाय, गाडीच्या अंगातल्या भोकात मात्र तो मोकळा आहे, कारण भोक एक मिलिमीटरने मोठं ठेवलंय. चाक कधी सुटलं तर गोंद चाकालाच लाव. एक थेंब जरी अंगातल्या भोकात गेला तरी गाडी जागच्या जागी बसेल. दोरी मी लावलेली नाही. धाकट्याच्या वयात लांब दोरी गळ्याभोवती जाऊ शकते. सध्या ढकलू दे.

कडं मुद्दाम जाड ठेवलंय. फळीतून कापलेल्या कड्यात समोरासमोरच्या दोन जागी तंतू आखूड पडतात आणि ते तिथेच मोडू शकतं. त्या दोन जागांवर आतल्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण केली आहे. दर आठवड्याला तिथे नख फिरवून बघ. बारीकशी चीर लागली तर ते कडं फेकून दे, चिकटवू नकोस. मी दुसरं करून देईन.

बाकी देखभाल फारशी नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं. पाण्यात भिजत घालू नकोस, उन्हात ठेवू नकोस. कड फुटून खरखरीत झाली की गुंडाळीतला 220 नंबरचा कागद घे, चार वेळा फिरव, डबीतलं बोटभर मिश्रण चोळ आणि जास्तीचं पुसून घे. थोरली हे तुझ्यासोबत करू शकेल. घासून झालेला, धूळ पुसलेला ठोकळा तिच्या हातात दे आणि मेण तिलाच चोळू दे.

तिने मला सांगून ठेवलंय की पुढच्या वेळी ती स्वतः ठोकायला येणार आहे. तेव्हा तिचा हात कागदावर ठेवून बोटांभोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव. मूठ मिटल्यावरचं मापही दोऱ्याने घे. लाकडी हातोडीचा दांडा त्या मापाचा करायचा आहे, आणि फळी कापण्याआधी ते हाती हवं.

तुझी,
आई