इटालियन ग्रां प्रीचा आरंभ मोंझात नव्हे, ब्रेशात

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या क्रीडा पानावर इटालियन ग्रां प्री या मोटार शर्यतीच्या इतिहासाविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मात्र ही शर्यत १९२२ मध्ये मिलानजवळच्या मोंझा येथे सुरू झाली आणि तेव्हापासून ती तिथेच भरत आली आहे, असे त्यात म्हटले आहे आणि ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. दुसऱ्या विधानाचा निकाल लगेच लागतो: १९३७ ची शर्यत लिव्होर्नोला, १९४७ ची मिलान शहरात, १९४८ ची तुरिनला आणि १९८० ची इमोलाला झाली. पहिल्या विधानाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण १९२१ चे वर्ष गाळले की मोंझाचा शर्यतीचा मार्ग इतक्या घाईने का बांधला गेला, हेच वाचकाला उमगत नाही.

पहिली इटालियन ग्रां प्री ४ सप्टेंबर १९२१ रोजी उत्तर इटलीतील ब्रेशा शहराजवळ, मोंतिकियारीच्या सपाट माळावर झाली. तिच्यासाठी वेगळा मार्ग बांधलेला नव्हता; वाहतुकीचे रस्ते बंद करून सुमारे १७.३ किलोमीटरचा फेरा आखण्यात आला होता आणि असे ३० फेरे, म्हणजे जवळजवळ ५१९ किलोमीटर, गाड्यांना पार करायचे होते. ब्रेशाची निवड योगायोगाने झालेली नव्हती. १९०४, १९०५ आणि १९०७ मध्ये त्या परिसरात मोठ्या मोटार शर्यती झाल्या होत्या आणि १९०९ मध्ये याच मोंतिकियारीत विमानांच्या स्पर्धाही भरल्या होत्या. यंत्रांच्या वेगाचे वेड त्या गावांना आधीपासूनच होते.

शर्यतीत उतरल्या अवघ्या सहा गाड्या, तीन फ्रान्सच्या बालो कंपनीच्या आणि तीन इटलीच्या फियाटच्या. इंजिन तीन लिटरपेक्षा मोठे नसावे, असा त्या काळचा नियम होता. आठ सिलिंडरची नवी फियाट गाडी जुलैमधील फ्रेंच ग्रां प्रीसाठी वेळेत तयार झाली नव्हती, त्यामुळे मायदेशातील या शर्यतीकडून इटालियन प्रेक्षकांच्या अपेक्षा साहजिकच फार मोठ्या होत्या. पिएत्रो बोर्दिनोने सुरुवातीला त्या पुऱ्याही केल्या. शर्यतीतील सर्वात वेगवान फेरा त्याचाच होता. पण त्याची गाडी बिघडली आणि मग पुढे फ्रेंच गाड्यांना अडवणारे कोणी उरले नाही. १९१३ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकलेला जूल गू पहिला आला, त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे १४४ किलोमीटर होता. दुसरा क्रमांकही बालोच्याच जाँ शासान्यचा लागला. तिसरी आलेली गाडी फियाटची होती खरी, पण ती चालवणारा लुई वाग्नेर फ्रेंच होता. उलट, इटलीत जन्मून अमेरिकेत वाढलेला राल्फ डी पाल्मा त्या दिवशी बालोच्या संघात होता. राष्ट्राभिमानाने पाहायला आलेल्या गर्दीची याहून मोठी थट्टा झाली नसती.

मोंझाची कहाणी या पराभवाच्या पाठोपाठ सुरू होते. मिलानच्या ऑटोमोबाइल क्लबला १९२२ मध्ये २५ वर्षे पूर्ण होत होती आणि त्या निमित्ताने क्लबने शर्यतींसाठी कायमस्वरूपी मार्ग बांधण्याचे ठरवले. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस यांसारखे मार्ग तेव्हा जगात मोजकेच होते. जागा निवडली गेली मोंझाच्या जुन्या राजेशाही उद्यानातील. फेब्रुवारीत विन्चेन्झो लान्चा आणि फेलिचे नाझारो या नामवंत चालकांच्या हस्ते पायाभरणीही झाली. पण उद्यानातील झाडे आणि निसर्गसौंदर्य यांची हानी होईल, या आक्षेपावरून सरकारने काम थांबवले. (हा वाद आजही किती ओळखीचा वाटतो!) आराखडा आटोपशीर केल्यानंतर परवानगी मिळाली, मे महिन्याच्या मध्यावर काम सुरू झाले आणि सुमारे साडेतीन हजार मजूर लावून, सामान वाहण्यासाठी उद्यानात छोटी रेल्वे टाकून, आल्फ्रेदो रोसेल्ली या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे दहा किलोमीटरचा मार्ग सुमारे शंभर दिवसांत उभा राहिला. त्याचे साडेपाच किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्याचे आणि साडेचार किलोमीटर वेगवान लंबवर्तुळाचे होते. दोन्ही भाग एकमेकांना ओलांडत तिथे एक रस्ता दुसऱ्याच्या खालून काढलेला होता.

१० सप्टेंबर १९२२ रोजी तिथे झालेली ग्रां प्री, म्हणजे आपल्या लेखातील ‘पहिली’ शर्यत, प्रत्यक्षात दुसरी होती. तिच्या सरावात ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीचा चालक ग्रेगोर कून मृत्युमुखी पडला. फियाटने जुलैमध्ये स्ट्रासबुर्गला फ्रेंच ग्रां प्री जिंकून दबदबा निर्माण केला होता, त्यामुळे प्रतिस्पर्धी कंपन्या मोंझाला यायलाच फारशा उत्सुक नव्हत्या आणि जेमतेम आठ गाड्या सुटल्या. बोर्दिनोने ८०० किलोमीटरचे अंतर पावणेसहा तासांच्या आत कापून आदल्या वर्षीचे उट्टे काढले; नाझारो दुसरा आला. इटालियन गाडी आणि इटालियन चालक यांचा मायदेशातील ग्रां प्रीतला हा पहिला विजय होता. त्याचे मोल १९२१ चा निकाल ठाऊक असल्याशिवाय कळणार नाही, म्हणूनच ते वर्ष वगळले गेल्याचे खटकले.

ब्रेशाच्या बाजूनेही याचा एक परिणाम झाला. आपली शर्यत मिलानवाल्यांनी पळवली, ही सल त्या शहरात राहिली आणि पुढे आयमो माज्जी, फ्रांको माझोत्ती, रेन्झो कास्तान्येतो आणि पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रीनी या चौघांनी ब्रेशाहून रोमला जाऊन परत येणाऱ्या, सुमारे १६०० किलोमीटरच्या ‘मिले मिलिया’ शर्यतीची कल्पना मांडली. ती मार्च १९२७ मध्ये प्रथम झाली आणि पहिले तिन्ही क्रमांक ब्रेशातच बनणाऱ्या ओ.एम. गाड्यांनी पटकावले. विजेत्या जोडीतला फेर्दिनांदो मिनोइया हा १९०७ ची ब्रेशाची शर्यत जिंकलेला चालक होता.

मोंझाच्या मार्गाची शताब्दी सप्टेंबर २०२२ मध्ये साजरी झाली, ती मार्गाची होती; शर्यतीला शंभर वर्षे त्याच्या आदल्याच वर्षी पूर्ण झाली होती. लेखकांची गल्लत बहुधा इथेच झाली असावी. लेखातील उल्लेखिलेल्या दोन्ही विधानांची दुरुस्ती क्रीडा पानावर ठळकपणे छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
पुणे