कारवानी पाळण्याआधी

महोदय,

देशी जातीचा कुत्रा पाळायचा म्हणून पुण्यात आता सोसायट्यांतही कारवानी, म्हणजेच मुधोळ हाउंड, दिसू लागला आहे. याचा आनंदच आहे. पण राखणीचा कुत्रा समजून त्याला आणले, तर माणसांचे आणि त्याचेही हाल होतात.

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली ही जात मुळात सशामागे धावणारी. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी. त्यामुळे समोर मांजर पळाले की मालकाची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. हा हट्ट नव्हे, रक्तातला गुण आहे. मारून तो जात नाही, उलट कुत्रा बुजतो आणि कायमचा बुजरा होतो. वेताळ टेकडीवर मोर आहेत, तिथे त्याला मोकळा सोडूच नये. पळवायचे तर चारही बाजूंनी कुंपण असलेल्या मैदानात. लांब सुटणारी दोरी तर नकोच: सुसाट वेग घेतल्यावर दोरी संपते आणि सगळा हिसका मानेला बसतो.

याचे डोके मानेपेक्षा निमुळते असते. साधा पट्टा मागे ओढला की डोक्यावरून सटकतो आणि कुत्रा थेट रस्त्यावर. दोन इंच रुंद, ओढल्यावर बेताने आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. पट्टा आणि मान यांत दोन बोटे मावली पाहिजेत.

शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे ही त्याची ठेवण आहे, उपासमार नव्हे. ‘किती वाळलाय’ म्हणून शेजारी पोळ्या चारतात, ते थांबवावे. वाढलेले वजन त्याच्या बारीक पायांना झेपत नाही. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, म्हणून फरशीवर बसून बसून कोपरांना घट्टे पडतात, पुढे ते चिघळतात. जाड गोधडी घालावी. पोटभर जेवणानंतर तासभर तरी पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

अनोळखी माणसाचा हात त्याला खपत नाही. पाहुण्यांनी वाकून डोक्यावर थोपटू नये. तो स्वतः जवळ येईपर्यंत थांबावे. पिल्लू तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत त्याला रिक्षा, लिफ्ट, लहान मुले यांची सवय लावली नाही, तर पुढे फार जड जाते.

आणि नसबंदी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ‘हा हाउंड आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. थायोपेंटोनसारख्या भुलीतून असे कुत्रे फार उशिरा बाहेर येतात, कधी जिवावरही बेतते. दुसरी औषधे उपलब्ध आहेत.

– कारवानी पाळणारे काही पुणेकर